कोपऱ्यात बघणारा देव

आमच्या कारखान्यात गिऱ्हाईक आलं की आम्ही किंमत नंतर सांगतो. आधी विचारतो, "कशावर बसवणार?"

नवखं गिऱ्हाईक गोंधळतं. "म्हणजे काय, पाटावर!" पण पाट जमिनीवर की टेबलावर? समोरची माणसं मांडी घालून बसणार की खुर्चीत? आरती करणाऱ्याची उंची किती? आजोबा वाकलेले आहेत का? मी हे सगळं विचारायला लागले की आमचे हे तिकडून ओरडतात, "अगं, गणपती न्यायला आलेत ते, मुलगी दाखवायला नाही."

तर कारखाना. नाव ऐकून कुणाला भोंगा आणि चिमणी आठवेल, तसलं काही नाही. जुन्या पनवेलमधलं आमचं राहतं घर, त्याची ओटी, आणि मागे पत्र्याची शेड. वर्षातले बरेचसे महिने घरात माणसांपेक्षा गणपती जास्त. लग्न होऊन आले तेव्हा पहिल्या रात्री पाणी प्यायला उठले आणि अंधारात कुणाच्या तरी सोंडेला धरून उभी राहिले. सोंड हातात आली. सासूबाईंनी सकाळी एवढंच म्हटलं, "चला, नवी सून कामाला लागली."

माती मळणं, साच्यात भरणं, हात-सोंड जोडणं, घासणं, रंगवणं ही सगळी कामं आमचे हे आणि कामाला येणारी माणसं करतात. डोळे माझ्याकडे. आमच्या धंद्यात त्याला आखणी म्हणतात. आधी सासूबाई आखायच्या, त्यांचा हात कापायला लागला तसा ब्रश माझ्याकडे आला. मी चित्रकलेच्या परीक्षा दिलेली मुलगी, मला वाटलं होतं, डोळा काय, एक मासोळी आणि मध्ये एक ठिपका. सासूबाईंनी पहिलं वर्षभर मला फुटक्या मूर्तींवर डोळे काढायला बसवलं. शेडमागे त्या फुटक्या मूर्तींचा ढीग होता. त्यातले कुणी झोपाळू, कुणी रागीट, एक तर थेट माझ्या वडिलांसारखा, उधारी मागायला आल्यासारखा बघणारा. सासूबाई म्हणायच्या, "डोळा चांगला काढलास, पण तो बघत कुठे नाही."

मर्म तेच आहे. बुबुळ कणभर वर गेलं की देव छताकडे बघतो, कणभर खाली आलं की नैवेद्याकडे. म्हणून मूर्ती किती उंचावर बसणार आणि समोरचा माणूस कुठे असणार, हे आधी ठाऊक हवं. एका वर्षी नव्या पनवेलच्या कॉलनीतले एक साहेब गणपती घेऊन गेले. जमिनीवरचा पाट असं सांगून गेले आणि घरी जागा नाही म्हणून बसवला फ्रिजवर. दुसऱ्या दिवशी बाई तणतणत आल्या. "अहो, बाप्पा आमच्याकडे बघतच नाही! पंख्याकडे बघतो! आमच्या सासूबाई म्हणतात, पंखा लावला तर त्याला चक्कर येईल." मी ब्रश आणि डबी घेऊन त्यांच्याबरोबर गेले, स्टुलावर चढले, आणि पूजा झालेल्या मूर्तीला ब्रश लावायचा नसतो म्हणून तशीच खाली उतरले. शेवटी भटजींना विचारून गणपतीच फ्रिजवरून उतरवून पाटावर आणला आणि फ्रिज स्वयंपाकघरात ढकलला. आमच्या धंद्यातला तिरळा गणपती म्हणजे हलवायाच्या दुकानातल्या आंबट पेढ्यासारखा. एक निघाला की पुढची दहा वर्षं गावात तेवढंच बोलतात.

आणखी एक सांगते. हे डोळे मी जीव ओतून काढते आणि ते फार तर अकरा दिवस टिकतात. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी तळ्याकाठी गेलं की मूर्ती अर्धवट विरघळलेल्या दिसतात, आणि सगळ्यांत आधी गेलेले असतात ते डोळे. इतक्या वर्षांत मी काढलेले किती डोळे पाण्यात गेले, देवच जाणे. त्याला माहीत असणारच, त्याचेच ते.

पाण्यात न गेलेले फक्त एकाचे. त्याचीच ही गोष्ट.

एकोणीसशे नव्वदच्या आसपासची असेल. शिमगा होऊन गेला होता. तो आमचा निवांत काळ, साचे दुरुस्त करायचे, ब्रश धुऊन ठेवायचे. दुपारी एक म्हातारी पाटी घेऊन ओटीवर आली. पाटीत वालाच्या शेंगा. मला वाटलं शेंगा विकायला आली आहे, म्हणून मी भाव विचारला.

"शेंगा इकायला नाय आली," ती म्हणाली. "शेंगा तुला आणल्यात. देवाला डोळे काडणारी तूच ना?"

तिचं नाव चांगुणा. आपट्याच्या पुढे, पाताळगंगेच्या काठच्या एका वाडीतली. पाठ वाकलेली, त्यामुळे बसल्यावर ती अगदीच एवढीशी दिसायची. तिने जे सांगितलं ते असं. वाडीबाहेर नदीच्या अंगाला काळ्या दगडाचं जुनं देऊळ आहे, पडकं. आत देव आहे. वाडीला आता कारखान्यांना दिलेल्या जमिनींचा पैसा आला होता आणि रस्त्याकडेला नवं स्लॅबचं देऊळ उठत होतं. त्यात संगमरवरी मूर्ती बसणार. भटजींनी सांगितलं होतं की भंगलेली मूर्ती ठेवायची नसते, पाण्यात सोडायची. पाडव्याच्या आधी गावकरी जुन्या देवाला उचलून पाताळगंगेच्या डोहात सोडणार होते.

"भंगलाय कुठं?" ती म्हणाली. "झिजलाय. पाऊस खाऊन खाऊन झिजलाय. मी पन झिजलीय, मला टाकतात का डोहात?"

मी विचारलं, "मग आजी, मी काय करू?"

"डोळे काड. डोळे उगडे असले तर बुडवायला हात उचलायचा नाय कुनाचा."

मला हसू आलं. "अहो आजी, आमचे गणपती डोळे उघडे असतानाच बुडवतात. वाजत-गाजत!"

तिने माझ्याकडे, शाळेत बेरीज चुकलेल्या पोराकडे बघावं, तसं बघितलं. "तो पावना. पावन्याला पोचवतात, नायतर पुडल्या वर्साला कसा येल? ह्यो घरचा. घरच्याला कुनी पोचवतं?"

आत माजघरात सासूबाई गव्हले करत बसल्या होत्या. त्या सगळं ऐकत होत्या हे मला गव्हल्यांच्या ताटाचा आवाज थांबला त्यावरून कळलं. त्या बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "हे बघा, पूजेतल्या मूर्तीला आमच्यात हात लावत नाहीत."

"पूजा करतं कोन?" म्हातारी म्हणाली. "गावात कुनी तिकडं फिरकत नाय. पानी मी घालते, फूल मी वाहते. मग मीच सांगते ना, लाव हात."

"आणि गावकरी आमच्यावर चिडले तर? दरसाल मोठा गणपती आमच्याकडनं नेतात ते."

"मी काय गावच्या वतीनं नाय आली," म्हातारी म्हणाली. मग पाटीच्या काठावरचा सुटलेला बांबू दाबत, "घरात तोंड उगडलं की सगले म्हनतात, झालं का तुजं सुरू. तो आयकतो. बाकी मला काय नको."

सासूबाई उंबऱ्यावर टेकल्या. आमच्या घरात त्यांचंही ऐकायला कोण होतं? सासरे कधीच गेले होते, मुलगा मातीत, सून ब्रशात. मग त्या मला म्हणाल्या, "सुमन, दगडावर पोस्टर कलर राहणार नाही. ऑइलपेंट घेऊन जा."

आमच्या ह्यांच्याकडे तेव्हा लूना होती. लूनावर दोघं बसलो की सपाटीला ती चालायची आणि चढाला मी. आपट्याच्या बाजूला वळेपर्यंत मी निम्मं अंतर चालतच गेले असेन. वाडीपासून पुढे शेताच्या बांधावरून, करवंदीच्या जाळ्यांतून पायवाट, आणि मग एकदम ते देऊळ.

मला देवळांतलं काही कळत नाही, पण दगड एकमेकांवर नुसते बसवलेले, मध्ये चुना नाही की काही नाही, एवढं माझ्याही लक्षात आलं. छप्पर खाली आलेलं होतं. गाभाऱ्याच्या भिंतीत उंबराने मुळं घातली होती, अगदी मूठ आवळल्यासारखी. म्हातारीने सांगितलं, पांडवांनी एका रात्रीत बांधलं. आमच्या कोकणात पांडव झोपले कधी हाच मला प्रश्न पडतो. दाराच्या चौकटीवर बोटभर उंचीच्या नाचणाऱ्या बायकांची ओळ होती. कुणाला हात नाही, कुणाला तोंड नाही, पण कंबर सगळ्यांची अजून लचकलेलीच. ओळीच्या शेवटी, भिंतीत जाणाऱ्या अंधाऱ्या बाजूला, त्या बायका एकदम थांबल्या होत्या. पुढे नुसती आखलेली रेघ आणि कोरा दगड. इथे कोण बघायला येतंय असं म्हणून कारागिराने हात आवरता घेतला असणार. मला तो माणूस फार जवळचा वाटला. आमच्या गणपतींच्या पाठीही आम्ही अशाच रंगवतो.

आमचे हे बाहेरच थांबले. म्हणाले, "आत वटवाघळं असतील." छप्परच नाही तर वटवाघळं लटकणार कशाला, हे मी त्यांना विचारलं नाही. संसार करायचा तर सगळंच विचारून चालत नाही.

गाभाऱ्यात जायला मधून वाटच नव्हती. वरची दगडी तुळई दारात आडवी पडलेली, हत्ती बसल्यासारखी. तिच्या कडेने अंग चोरून आत शिरायचं आणि एका मोडक्या खांबाच्या बुडाशी, कोपऱ्यात बसायचं. बसायची तेवढीच जागा. तिथला दगड गुळगुळीत झाला होता.

"समोर नाही बसता येत?" मी विचारलं.

"समोर ती तुळई. मी लगीन होऊन आली तवापासून पडल्येली हाय. मी हिथंच बसते."

देव बसलेला होता, सहा-सात वर्षांच्या मुलाएवढा. कोणता देव ते मला ओळखू येईना. एक हात नाही असं आधी वाटलं, मग कळलं की हात आहे, मांडीवर टेकलेला, झिजून मांडीशी एक झालेला. तोंड म्हणजे नदीतल्या गोट्यासारखं. नाव विचारलं तर म्हातारी म्हणाली, "देव." आणि काय?

रिठ्याच्या पाण्याने मी ते तोंड धुतलं, म्हातारीने पदराने पुसलं. डोळ्यांची जागा दिसत नव्हती. पण बोट फिरवलं तर लागली. दोन्ही बाजूंना अगदी थोडं खोलगट. माझ्या आधी कुणीतरी तिथे डोळे केले होते, ते कुठे बघत होते ते मात्र दगडाने पुसून टाकलं होतं.

मी रंगाची डबी उघडली आणि तोंडातून सवयीने निघालं, "कशावर बसवणार?"

म्हातारी म्हणाली, "बसल्येलाच हाय की!"

"तसं नाही आजी. समोर माणूस कुठे असतो?"

"सांगितलं ना, हिथं."

मग मी तिला तिच्या जागेवर बसवलं आणि तिच्या शेजारी खेटून बसून काम सुरू केलं. उठायचं, एक रेघ मारायची, परत कोपऱ्यात येऊन बघायचं. तिची वाकलेली मान, त्या मानेच्या उंचीवर नजर. काळ्या दगडावर पांढरा रंग नीट बसेना, दगड रंग पीत होता, दोन हात द्यावे लागले. बुबुळ काढताना आम्ही बोलत नाही, श्वाससुद्धा धरून ठेवतो. म्हातारी मात्र अखंड बोलत होती, माझ्याशी नव्हे, देवाशी. सुनेने कढीत मीठ जास्त घातलं, शेळी दोन दिवस खात नाही, पुतण्या दामूला आता मोटारसायकल पुरत नाही, जीप हवी. पहिलं बुबुळ झालं तरी बोलणं चालूच. दुसऱ्या डोळ्यात मी शेवटचा ठिपका ठेवला आणि बाजूला झाले.

म्हातारी बोलता बोलता थांबली. तिने डोक्यावरचा पदर नीट केला. परका पुरुष घरात आल्यावर बायका करतात तसा. मग हळूच म्हणाली, "इतकी वर्सं नुसतं आयकायचा. आता बगतो पन."

घरी येताना मी लूनावर बसून आले. चढालासुद्धा ह्यांनी मला उतरवलं नाही, स्वतः उतरून गाडी ढकलली.

चार दिवसांनी दामू आला. दामू म्हणजे चांगुणाबाईच्या दिराचा मुलगा, वाडीतला पुढारी, दर वर्षी गावच्या गणपतीसाठी ट्रॅक्टर घेऊन येणारा. एरवी ओटीवर पाय ठेवायच्या आधी "वयनी, च्या!" म्हणणारा माणूस. त्या दिवशी मी चहा ठेवते म्हटलं तर म्हणाला, "च्या नको. आमच्या देवाला डोळे तुमी काडले?"

मी हो म्हटलं. खोटं कशाला बोलू, रंगाचा डाग अजून माझ्या पदरावर होता.

"काकीच्या डोक्यावर परिनाम झालाय. पन तुमी शिकलेल्या! आता मानसं म्हनतात, डोळे उगडलेत, हात कसा लावायचा? पाडवा तोंडावर आला. नवी मूर्ती ट्रकात निघाली. चला तुमी. तुमीच पुसा."

डोळे पुसा! मी आयुष्यात डोळे काढले होते, पुसले कधी नव्हते. ह्यांनी मध्ये पडून सांगितलं की ऑइलपेंट आहे, सहज जाणार नाही. दामू म्हणाला, मग या आणि बघा काय करायचं ते. सासूबाईंनी दारातून हाक मारून एवढंच सांगितलं, "हात जोडून या. जमलं तर." त्या नमस्कार करून मग पुसायला सांगत होत्या की नुसता नमस्कार करून परत यायला, हे वाटभर कळलं नाही.

देवळापाशी वाडीतली आठ-दहा माणसं होती. पहारी, दोर, बांबू. मूर्ती बाहेर काढायला वाट हवी म्हणून त्यांनी सकाळीच ती आडवी तुळई पहारी लावून एका कडेला लोटली होती. इतक्या वर्षांची आडवी पडलेली तुळई बाजूला झाली आणि दारातून सरळ देव दिसायला लागला.

आणि मला घाम फुटला.

देव तिरळा होता. समोरून बघताना दोन्ही बुबुळं डाव्या कोपऱ्यात, तीही खाली. अर्थात असणारच! मी नजर काढली होती कोपऱ्यातल्या म्हातारीसाठी, समोर तर तेव्हा दगड होता. पण हे आता कुणाला समजावणार? वाटलं, झालं, आता आपट्यापासून पनवेलपर्यंत सगळीकडे एकच बातमी. त्या बाईने देवाला तिरळा केला.

माणसं हसायला लागली. "दामूदादा, देव तुज्याकडं बगत नाय रे!"

दामू एक पाऊल उजवीकडे सरकला. देव बघेना. डावीकडे सरकला. नाही. वाकून बघितलं. नाही. एवढा धिप्पाड माणूस, पण देवासमोर तो असा डुलत होता की जणू समोर फोटोग्राफर उभा आहे.

"तिरळा हाय तर हाय," एक जण म्हणाला. "बुडवायचाच हाय ना? उचला."

त्यावर एका म्हाताऱ्या गड्याने पहार खाली टेकवली. "असा कसा उचला? आपन गनपती बुडवताना काय करतो? घराकडं तोंड करून धरतो. नजरेला नजर लागते, मग पुडच्या वर्सी या म्हनतो. ह्यो तर तोंड फिरवून बसलाय. त्याचा निरोप कसा घेयाचा?"

ते सगळ्यांना पटल्यासारखं दिसलं, कारण कुणी हललं नाही. आमच्याकडे देवाला घरातून काढता येतं, पण त्याने बघितल्याशिवाय नाही.

"कुनाकडं बगतोय तो?" दामू चिडून म्हणाला आणि देवाची नजर धरून बाजूला वळला. मग सगळेच वळले. मोडक्या खांबाच्या बुडाशी चांगुणाबाई बसली होती. ती सकाळपासून तिथेच होती, फक्त तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

"काकी, ऊट तिथून."

"नाय उटत. बगायचं तर हिकडं ये."

दामू पहार भिंतीला टेकवून तिच्याकडे गेला आणि तिच्या शेजारी उकिडवा बसला.

"दिसतोय?" म्हातारी म्हणाली.

"नाय."

"कसा दिसंल? आजून खाली हो. मी तुज्याएवडी हाय का?" तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली दाबला. तो मांडी घालून बसला, तरी उंचच. तिने आणखी दाबलं. शेवटी तो पाठ वाकवून, मान तिच्या खांद्याशी आणून, तिच्यासारखाच बसला.

त्याचं डुलणं थांबलं. मी आता देवाकडे नाही, दामूच्या तोंडाकडे बघत होते. आखणी करणाऱ्या बाईला तेवढं पुरतं. नजर लागली की समोरच्या माणसाच्या कपाळावरच्या आठ्या जातात. फ्रिजवाल्या बाईंच्याही गणपती पाटावर आणल्यावर अशाच गेल्या होत्या.

देवावरची नजर न काढता तो म्हणाला, "काकी, तू रोज हिथं बसतेस?"

"मग कुठं बसू?"

"काय बोलतेस त्याच्याशी?"

"घरचंच. तुजं पन सांगते."

"चांगलं सांगतेस का वंगाळ?"

"त्यालाच इचार. आता तुज्याकडं बगतोय ना?"

माणसं हसली. दामू हसला नाही, पण उठलाही नाही. तो तसाच वाकून बसलेला असताना म्हणाला, "पहारी उचला रे. चला."

"आनि भटजी?"

"भटजींना मी सांगतो. देव झिजलाय. भंगला नाय." जसं काही त्यालाच सुचलं होतं! म्हातारीने त्याच्या पाठीवर एक चापट मारली, मायेने की वाक्य चोरलं म्हणून, ते तिचं तिला ठाऊक.

मी हात जोडले आणि निघाले. डोळे पुसायचं कुणी बोललं नाही.

पाडव्याला रस्त्यावरच्या नव्या देवळात संगमरवरी मूर्ती बसली. छान आहे, थेट समोर बघते, येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्या गाड्यांकडे. जुना देव जुन्या जागी राहिला. कुणी त्याचं देऊळ उभं केलं नाही, ह्याचं मला वाईट वाटतं. उंबराने आणखी एक भिंत पोटात घेतली, आणि त्या बोटभर नर्तिकांमधल्या काही जणी कुणीतरी ठोकून घेऊन गेलं. झिजणं आणि मोडणं यांतला फरक तिथे रोज दिसतो. पण दर वर्षी पाडव्याच्या आधी दामू मला न्यायला येतो. उघड्यावर एका पावसात ऑइलपेंट फिका पडतो, तो पुन्हा भरायचा असतो. वाडीतली माणसं समजतात की मी तेव्हा मुद्दामच नजर कोपऱ्यात लावली, फार मोठी युक्ती केली. मी एकदा-दोनदा खरं काय ते सांगून बघितलं. त्यांना वाटतं मी विनयाने बोलते. हल्ली मी नुसती मान हलवते.

चांगुणाबाई गेली त्यालाही आता बरीच वर्षं झाली. त्यानंतरच्या पाडव्याला गेले तेव्हा ब्रश हातात घेऊन मी अडले. तुळई बाजूला झालेली, समोर ऐसपैस जागा, कोपरा रिकामा. धंद्याचा नियम सांगतो की माणूस कुठे बसणार ते विचारा. मी दामूला विचारलं, "भावजी, आता समोर घेऊ का नजर? सगळ्यांना दिसेल."

तो म्हणाला, "ज्याला पायजे तो कोपऱ्यात जाईल की."

यंदा गेले तेव्हा माझे गुडघे बोलत होते. खाली बसवेना. मी म्हटलं, "एक प्लॅस्टिकची खुर्ची मिळेल का? खांबापाशी ठेवते आणि बसून काढते." दामूशेट आता डोक्याने पांढरे झालेत, जीप जाऊन मोठी गाडी आली आहे. कुणाला पाठवतील असं वाटलं, तर स्वतःच गेले आणि हातात गोणपाट घेऊन आले. चार घड्या घालून त्यांनी तो खांबाच्या बुडाशी अंथरला.

"खुर्ची नको, वयनी," ते म्हणाले. "खुर्चीवर बसून काडलेत, तर देव वर बगायला लागंल. काकी एवडी उंच कुठं व्हती?"

मग त्यांनी माझ्या खांद्याला धरून मला खाली बसवलं. म्हणाले, "आजून थोडं खाली."